डाव्या बाहीवरचे शिंतोडे

माझ्या नाकावर राग असतो हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण माझ्या कामाला कुणी नावं ठेवलीत, असं सहसा होत नाही. फाटके, बुरशी चढलेले जुने फोटो स्कॅन करून मी कॉम्प्युटरवर दुरुस्त करते, रंगवते. आपले आजोबा रंगीत झालेले पाहून लोक तोंडात बोटं घालतात, आणि मी त्यात काय एवढं असा चेहरा करून खिडकीबाहेर बघते. आतून मात्र अगदी फुलून आलेली असते.

आमच्या जुन्या वाचनालयाला पंचाहत्तर वर्षं होत होती. त्यांना अडगळीत एकच फोटो सापडला होता. इमारत पुरी झाली त्या दिवशी दारासमोर ओळीत उभे राहिलेले नऊ कामगार. वाचनालयाचे चिटणीस तो घेऊन घरी आले.

"एकदम चकाचक करा, ताई. मोठा करून दालनात लावायचाय."

सासूबाई, म्हणजे आमच्या आई, आतून बाहेर आल्या. त्या इमारतीच्या भिंतींना गिलावा केला तो त्यांच्या वडिलांनी. ते गवंडी होते. पुढे दुसऱ्या कामावर परांचीवरून पडून गेले, तेव्हा आई पोटात होत्या. घरात त्यांचा फोटो नाही. चौऱ्याहत्तर वर्षांत आईंनी आपल्या वडिलांचा चेहरा एकदाही पाहिलेला नव्हता.

"या नऊजणांत असतील ना गं?"

"असणारच. आधी मला साफ तर करू द्या."

मी कंबर कसली. धूळ काढायला आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते. ठिपका केवढा ते सांगायचं, की ते सगळे पांढरे ठिपके वेचून टाकतं. दीड दिवसात फोटो लख्ख. प्रिंट काढून मी ऐटीत आईंपुढे ठेवली.

त्यांनी चष्मा पुसला, डाव्या हातात भिंग धरलं आणि नऊही चेहऱ्यांवरून सावकाश फिरवलं. मग भिंग खाली ठेवलं.

"हे सगळे लग्नाला निघालेत का?"

"म्हणजे?"

"आई सांगायची, फोटोवाला आला तेव्हा बाकीचे धुतलेले सदरे चढवून आले. वडील एकटे परांचीवरून तसेच उतरले. मुकादम ओरडला, तर म्हणाले, माझं काम माझ्या अंगावर दिसतंय, ते कशाला लपवू? अंगावर गिलाव्याचे शिंतोडे होते म्हणे. इथे तर एकाच्याही सदऱ्यावर काही नाही." त्यांनी प्रिंट माझ्याकडे सरकवली. "नसतील यात. असू दे."

मी प्रिंट हातात घेतली.

"आई, ते मी पुसलेत."

"काय पुसलंस?"

"शिंतोडे. धूळ समजून."

आईंनी भिंग पुन्हा उचललं आणि कोऱ्या सदऱ्यांवरून फिरवलं. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नशीब, मूळ स्कॅनला मी कधी हात लावत नाही, काम प्रतीवरच करते. मूळ उघडलं. चार-पाच हजार ठिपके तरी असतील. आता ती सोय बंद, प्रत्येक ठिपका मोठा करून बघायचा. धुळीला खाली काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं. आभाळावर, दारावर, मिशीवर ती सारखीच बसते. शिंतोडा कापडावरचा असतो. सदऱ्याला सुरकुती पडली की तोही वाकतो, अर्धा सुरकुतीत दडतो.

आई शेजारी खुर्ची टाकून बसल्या.

"हा?"

"धूळ."

"मग हा?"

"धूळच आहे, आई. जरा दम धरा."

"चौऱ्याहत्तर वर्षं धरलाय."

तिसऱ्या दिवशी दुपारी चौथ्या माणसाच्या बाहीवर ठिपके वाकायला लागले. एक, दोन, मग मनगटापासून खांद्यापर्यंत. उजवी बाही जवळजवळ कोरी आणि डावी माखलेली.

"गंमत बघा," मी म्हणाले, "हा थापी डाव्या हातात धरत असणार. डावखुरा दिसतोय."

आईंनी आपला डावा हात वर केला आणि त्याकडेच बघत राहिल्या.

"शाळेत या हातावर पट्ट्या खाल्ल्यात मी. मास्तर विचारायचे, ही खोड कुणाची घेतलीस? आईलाही सांगता यायचं नाही. जेमतेम वर्षभराचा संसार तिचा, आणि थापी धरलेलं त्यांना तिनं कधी पाहिलंच नव्हतं." त्या स्क्रीनजवळ वाकल्या. "किती लहान आहेत गं! आपल्या नातवाएवढे."

मग आम्ही दोघी रडलो, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

रंग देताना सॉफ्टवेअरनं भिंतही राखाडी केली आणि शिंतोडेही. मी थेट वाचनालय गाठलं. चिटणिसांना दालनातलं एक अवजड कपाट सरकवायला लावलं. त्यामागे रंगाचा हात कधी न लागलेला मूळ गिलावा होता, वाळूमुळे फिकट गुलाबीसर, अजूनही गुळगुळीत. त्याचा नेमका रंग टिपून आणला आणि तोच त्या डाव्या बाहीवर ठेवला. आजवर शेकडो फोटो रंगवलेत, पण इतका खरा रंग कधी लावला नव्हता.

कार्यक्रमाच्या दिवशी दालन भरलं होतं. फोटोसमोर उभे राहून चिटणीस हळूच म्हणाले, "ताई, काम झकास. फक्त या एकाच्या बाहीवर डाग राहिलेत. पुसता येतील का?"

माझा पारा चढला. मी तोंड उघडणार तोच आईंनी माझा दंड धरला.

"पुसा ना," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण आधी ते कपाट सरकवा आणि भिंत पुसून घ्या. तिथेही तेच लागलंय."

चिटणिसांनी कपाटाकडे पाहिलं, मग बाहीकडे. चेहरा खर्रकन उतरला.

"तुमचे कोण हे?"

"वडील."

त्यांनी लगबगीनं खिशातलं पेन काढलं. "नाव सांगा, फोटोखाली लिहितो."

"मी लिहिते," आई म्हणाल्या.

सगळं दालन बघत होतं. चौथ्या माणसाच्या खाली त्यांनी वडिलांचं पूर्ण नाव लिहिलं, त्याच्याखाली लिहिलं, 'भिंतींचा गिलावा यांचा', आणि पेन परत दिलं. डाव्या हातानं.