फावडेवाले पेंग्विन

माझ्या चित्रातली माणसं पुसून तिथे पेंग्विन बसवलेत, हे मला पिस्को बंदरातल्या शाळेत, मंचावर, भरल्या सभागृहासमोर कळलं. छापलेलं पुस्तक तेव्हाच पहिल्यांदा हातात पडलं होतं.

आमची ही मालिका पोरांची लाडकी. दर पुस्तकात जुन्या काळचा एक शास्त्रज्ञ, एक आगाऊ पेलिकन, थोडं विज्ञान आणि भरपूर पडापडी. या खेपेला डॉक्टर एवारिस्तो नावाचे रसायनशास्त्रज्ञ समोरच्या बेटांवर जातात, पक्ष्यांच्या विष्ठेचं खत तपासायला, आणि त्याच ढिगात गळ्यापर्यंत रुततात. मजकूर दुसऱ्याचा, चित्रं माझी.

ढिगामागे मी चिनी मजूर काढले होते. फसवून, जहाजात कोंबून आणलेले, ती विष्ठा खणता खणता छाती भरून मेलेले. पण पुस्तक विनोदी, म्हणून मी त्यांना रडवलं नव्हतं. गळ्यात फडकी, हातात फावडी, आणि साहेबाची फजिती बघून ते पोट धरून हसत होते. सगळ्यांत पुढच्याचं हसू आन्सेल्मोकाकांचं होतं.

आन्सेल्मोकाका माझे सख्खे चुलते. त्यांचे आजोबा त्याच बेटांवर खणायचे. त्यांचा एक फोटोसुद्धा घरात नाही. "तू हसलास की आजोबाच दिसतात," असं काकांना त्यांची आई म्हणायची, तेवढाच पुरावा. म्हणून काका माझ्यासमोर खुर्चीवर बसून गाल दुखेपर्यंत हसले होते आणि मी शब्द दिला होता, आजोबा पुस्तकात येणार म्हणजे येणार.

आता काका ठेवणीतला कोट घालून पहिल्या रांगेत बसले होते.

"हे काय आहे?" मी संपादिकेला, फियोरेलाला, दबक्या आवाजात विचारलं.

"अगं, ऐनवेळी बदललं. मुलांनी विचारलं असतं, हे कोण, कुठून आणले, पुढे काय झालं त्यांचं. विनोदाचा विचका झाला असता. आणि पेंग्विन शास्त्राला धरून आहेत हं, राहतात त्या बेटांवर."

"फावडी घेऊन राहतात?"

फावडी तशीच ठेवली होती! माणसं पुसायला वेळ मिळाला, फावडी पुसायचा मात्र कंटाळा आला. पेंग्विनांच्या पंखांत माझी फावडी, गळ्यात माझी फडकी.

"बघ तरी, अख्खी शाळा त्यालाच हसतेय," फियोरेला म्हणाली.

हसत होती खरी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरांवर राग नव्हता. समोर वाढलं ते त्यांनी खाल्लं.

काका पान उलटत होते. पुढे, मागे, चष्मा पुसून पुन्हा तेच. शेवटी पुस्तक उंच धरून त्यांनी खालून विचारलं, "रोसा, यातला मी कुठला गं?"

शेजारच्या शिक्षिका खळखळून हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

सह्यांसाठी रांग लागली. पहिल्या मुलीचं पुस्तक मी घेतलं, पण सही केली नाही. चित्र काढून दाखवायला आणलेले रंग उघडले, तेच पान काढलं आणि पुढच्या पेंग्विनवर पांढऱ्या रंगाचा फटकारा मारला. चोच गेली.

"रोसाउरा! पुस्तकं खराब करतेयस!"

"खराब तू केलीस. काका, इकडे या. बसा इथे. हसा."

काका बसले. तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. "हसू येत नाही गं."

"मलाही येत नाहीये. हसा!"

मी कान काढले, कपाळ काढलं. तोंडाची जागा कोरीच ठेवली. मुलगी टेबलावर ओणवी झाली. "हा कोण?"

"माझे आजोबा," काका म्हणाले.

"नाव काय त्यांचं?"

"मालकाने स्वतःचंच चिकटवलं, लोरेदो. खरं कुणालाच ठाऊक नाही."

तिने चित्रातल्या कोऱ्या तोंडाकडे पाहिलं. "मग ते हसणार कशाला?"

काकांनी रुतलेल्या डॉक्टरांवर बोट ठेवलं. "अगं, रोज त्या घाणीत आजोबाच असायचे. आज साहेब पडला!"

मुलगी फिसकन हसली. तिला बघून काकांनाही हसू फुटलं, किडक्या दातांसकट, आणि मी ते घाईघाईने उतरवून घेतलं.

फियोरेला रांगेतली पुस्तकं गोळा करू लागली. पोरांनी ती छातीशी घट्ट धरली. मी पुढचा पेंग्विन पुसायला घेतला.