डबी, डब्बा आन घरातला कापूस

बसा बाप्पा, बसा. त्या बाजेवर नका बसू, तिची दोरी ढिली हाय. तुमाले एक किस्सा सांगतो. एका डबीचा, एका डब्ब्याचा, आन एका घराचा जे मानसावानी बोलाले लागलं व्हतं. खोटं वाटलं तं मधातच टोका, पन हसू आलं तं दाबू नका.

साल गुलाबी बोंडअळीचं. आर्णीकडच्या एका गावात ज्याच्यात्याच्या घरात कापूस भरेल व्हता. व्यापारी कापूस हातात घेऊन नाक मुरडे, भाव पाडून मांगे. लोक म्हनत, राहू दे घरात, कुठं जेवाले मांगते थो. बाज बाहेर, भांडे बाहेर, मानसं ओसरीत, आन कापूस आतमधी लाटसाहेबावानी लोळे.

आता कलीम मिस्त्री. आर्णीत त्याचं माइकसेटचं दुकान. लग्न असो का जयंती, भोंगा त्याचाच. कान असा का रोडवरून मोटरसायकल गेली का आवाजावरून मालकाचं नाव सांगे. त्यानं हौशीनं एक जुनी डबी घेतली व्हती, साबनाच्या वडीएवढी. इकडून माइक खुपसाचा, तिकडून वायर लॅपटॉपले लावाची, आवाज सरका आत जाऊन बसते. ऑडिओ इंटरफेस म्हनते तिले. पन एवढं बोलेपर्यंत गानं अर्धं होऊन जाते, म्हनून कलीम म्हने, डबी.

एक दिवस त्या गावातला धर्मपालभाऊ, नलूबाईचा नवरा, दुकानावर आला.

"कलीमभाई, नलूचं गानं भरून पाह्यजे. बुधवारच्या आत."

"काहून? बुधवारी काय जयंती हाय का?"

"बुधवारी नागपूरले ऑपरेशन हाय तिचं. गळ्यात गाठ हाय. डॉक्टर म्हने गाठ जाईन, आवाजाचं सांगता येत नाई."

कलीमच्या तोंडातलं पान तोंडातच राह्यलं. ईस वर्स झाले, दर चौदा एप्रिलले नलूबाईच्या पुढं माइक उभा कराचा थो कलीमनंच. बाई बाबासाहेबाचा पाळना म्हने, अशा हळू आवाजात का रडनारं लेकरूबी चूप बसे. आन कलीम मशीनच्या मांगं तोंड लपवे, डोळे कोनाले दिसू नाई म्हनून.

"आजच येतो," थो म्हने.

गेला. धर्मपालच्या घरात पाय ठेवाले जागा नाई. दारापासून आढ्यापर्यंत कापूस. मधात कोनाडा केल्यावानी थोडीशी जागा, तिथं नलूबाई बसली. तिच्या तोंडापुढं माइक, कलीम उंबऱ्यावर, मांडीवर लॅपटॉप.

"भाभी, म्हना."

बाईनं म्हटलं. कलीमनं हेडफोन लावून आयकलं, आन त्याच्या अंगावर काटा आला. आवाज असा का बाई कानात येऊन बसली. पन एक खोट व्हती. बाईचा आवाज हळू, म्हनून डबीचं बटन पूर्न पिळा लागलं व्हतं, आन गान्याच्या मांगून सूंऽऽ येत व्हतं, स्टो पेटल्यावानी.

धर्मपाल म्हने, "मस्त तं हाय बे! मले नाई येत सूं."

"तुले ट्रॅक्टरबी नाई आयकू येत. हे आखरीचं गानं राह्यलं तं? जिंदगीभर त्याच्या मांगं स्टो पेटवून ठेवू का? आसिमचा डब्बा आनतो."

आसिम म्हंजे कलीमचा साळा. यवतमाळात त्याचा स्टुडिओ. त्याच्याजवळ महागातला डब्बा, पाटीएवढा, लोखंडी, वर लाइटा नाचत. कलीमनं आजवर त्याच्या पुढं हात पसरला नव्हता. आता पसरला.

आसिम हसला. "काय जीजू, कुठं गेली तुमची साबनदानी?"

"दे म्हटलं तं दे ना बे."

"देतो. पन ह्यात हळू आवाजबी साफ येते, सूं नाई का फूं नाई. मुंगी चालली तं आयकू येईन. मंग आपली साबनदानी वढ्यात फेका."

इकडे धर्मपालनं काय कराव? यवतमाळहून एवढी मोठी मशीन घरी येते, तिले काय कापसावर बसवाची? लोक काय म्हनतीन? त्यानं गाडी बोलावली, आन ज्या भावाले तीन मह्यने नाक मुरडत व्हता त्याच भावात सारा कापूस देऊन मोकळा झाला. घर झाडलं. चुना मारला. फरशी पुसली. मधात एक टेबल, टेबलावर नवा टॉवेल.

आयतवारी कलीम डब्बा घेऊन आला. टॉवेल पाहून त्याले बरं वाटलं. लावला डब्बा. बाई म्हनाले लागली. कलीमनं हेडफोन लावला, आन त्याचं तोंड उतरलं.

सूं नव्हती, खरं हाय. पन गानं कसं? बाई हिरीत पडली आन तिथून मदत मांगते असं.

त्यानं वायर बदलली. बटनं फिरवले. माइकच्या अंगावर मोजा चढवला. धर्मपालनं डब्ब्याले उदबत्ती दाखवली.

"उदबत्तीनं काय होते बे?"

"तुह्या पिळन्यानं काय झालं?"

कलीमनं आसिमले फोन लावला. थो म्हने, "जीजू, डब्बा बराबर हाय, हात पाहा आपला." कलीमनं फोनच खिशात कोंबला. आयतवार गेला. सोमवार गेला. मंगळवारी सकाळी कलीम उंबऱ्यावर डोक्शाले हात लावून बसला. ईस वर्स ह्या बाईचा आवाज गावाले पोचवला, आन आता एक डाव भरून ठेवाचा व्हता तं हातून चालला.

नलूबाई चहा घेऊन आली. म्हने, "कलीमभाऊ, डब्ब्याले कायले शिव्या देता? मले तं वाटते घरच बिघडलं."

"घर कसं बिघडन, भाभी?"

"आयका ना." बाईनं टाळी वाजवली. घरानंबी वाजवली. बाई म्हने, "ए!" घर म्हने, "ए!" "चुना मारल्यापासून मले उलटून बोलून राह्यलं हे. कापूस व्हता तवा कसं मुकाट्यानं आयके."

कलीमनं कप उंबऱ्यावर ठेवला. मंग कपाळावर अशी चापट मारली का घरानं तिचाबी आवाज काढला.

"धर्मपाल! कापूस कुठं हाय?"

"जिनिंगमधी. गाठी झाल्या असतीन आता."

"लेका, तुनं स्टुडिओ इकून टाकला!"

पन बोंडअळीच्या त्या साली एक गोष्ट गावात कमी नव्हती. शेजारी रामलालचं घर. रामलाल जिद्दी, बोंडभर कापूस इकला नव्हता. कलीम त्याच्या दारात उभा.

"रामलालभाऊ, आज व्यापारी आला तं?"

"तंगडं तोडीन."

"शाब्बास. आता आमाले आत घे."

रामलालच्या कापसात मानसं गळ्यापर्यंत बुडले. कलीमले आता कोनावरच भरोसा नव्हता, म्हनून माइक दोन लावले, एक डबीले, एक डब्ब्याले. बाईनं डोळे मिटले. पाळना उचलला. बाहेर बकरी वरडली, तिचाबी आवाज आत आला नाई. गानं सरलं. रामलालनं डोळे पुसले आन म्हने, "कचरा गेला."

बुधवारी बाई नागपूरले गेली. गाठ निघाली. आवाज राह्यला, पन जरा खाली बसला.

मंग कलीमनं आसिमले आर्णीले बोलावलं आन दोन्ही गाने वाजवले. "सांग, डब्बा कोनता?"

पहिल्यात बारीक सूं व्हती. दुसरं साफ, पान्यावानी. पन मधात एका जागी खर्र, खर्र, खर्र. कापसानं खाज सुटते ना बाप्पा! धर्मपाल पाठ खाजवत व्हता. डबीच्या सूंमधी थे झाकून गेलं, आन डब्ब्यानं इमानदारीनं सारं लेहून घेतलं.

आसिम म्हने, "पाह्यलं जीजू? मुंगी म्हटलो व्हतो ना?"

"हाव. पन ही मुंगी साठ किलोची हाय."

गावानं कोनतं ठेवलं इचारता? डब्बावालं. जयंतीले थेच वाजते, आन खर्र आली का लेकरं बोट दाखवते, "धर्मपालबुवा!" थो बिचारा मान खाली घालते. पन नलूबाई एकटी असली का डबीवालं लावते. म्हने, "त्यात मी एकटीच हाव."

आता बाईले वाटते, हा नवा, जाडा आवाजबी भरून ठेवाव. कलीम तयार हाय, डबी तयार हाय. पन रामलालनं मांगच्या हप्त्यात औंदाचा कापूस इकला.

तुमच्या घरात कापूस हाय म्हनते ना, आढ्यापर्यंत? मंग हात जोडतो, एवढा आयतवार गाडी नका बोलावू.