सिनेटरसाहेबांची सही

सिनेटर हॉलिस टेंब्रिज यांची सही खरी कोणती नि दुसऱ्याच्या हातची कोणती, हे सांगू शकेल असं माणूस जगात एकच उरलं होतं, ते म्हणजे व्हर्ना स्कॉगन. वॉशिंग्टनच्या कचेरीत तिने त्यांची पत्रं टाइप करत अकरा वर्षं काढली होती. म्हणून तर जुन्या पत्रांचा व्यापारी लेलँड प्रूइट चाळीस पत्रं घेऊन सू फॉल्स गावी तिच्या स्वयंपाकघरात बसला होता.

तिचं चित्त मात्र थाऱ्यावर नव्हतं. थोरला भाऊ ऑर्विल दोन गल्ल्यांपलीकडे शुश्रूषागृहात पडून होता, आणि डॉक्टर सकाळीच म्हणाले होते, दोन दिवस, फार तर तीन. मरणाला ऑर्विल भीत नव्हता. त्रेपन्न साली, देशभर घरोघरी कम्युनिस्ट शोधण्याचं वेड असताना, कुठल्याशा शांततेच्या अर्जावर नाव दिलं म्हणून शाळा मंडळाने त्याला कम्युनिस्ट ठरवून मास्तरकीवरून काढलं होतं. खुद्द सिनेटरने त्याच्यासाठी रदबदलीचं पत्र पाठवलं, तरीही काढलं. एवढ्या मोठ्या माणसाचा शब्द फुकट गेला, म्हणजे आपल्यातच काहीतरी खोट असणार, हा किडा तेहतीस वर्षं त्याचं डोकं पोखरत होता. बायको सोडून गेली, धान्याच्या कोठारावर वजनं करण्यात जन्म गेला, पण वर्गात आपण कुणासमोर काय बोललो हे आठवत बसणं काही सुटलं नाही.

टेंब्रिज दुष्ट नव्हता, भित्रा होता. वाण्याचा पोरगा, वकील झाला, सेहेचाळीसला शेतकऱ्यांच्या मतांवर निवडून आला. बावन्नला पक्षाच्या अधिवेशनात देशाच्या उपाध्यक्षपदासाठी त्याचं नाव पुकारलं गेलं आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. पुढच्या खेपेला तरी हातातोंडाशी आलेला घास जाऊ नये म्हणून साहेब वारा येईल तशी पाठ देऊ लागले. अठ्ठावन्नच्या निवडणुकीत पडलेच शेवटी.

त्यांच्या कचेरीची एक रीत होती. दिवसाला दोनशे पत्रं जात, त्यांवर साहेबांची सही टाइप करणाऱ्या मुलीच ठोकत. ज्या पत्रामागे साहेब खरोखर उभे असत, त्यावरच ते स्वतः सही करत. ज्यांना ही पत्रं जात, त्या कचेऱ्या नि मंडळांतले कारकून दोन्ही हात ओळखून होते. मुलीच्या हातची सही असली की अर्थ सरळ असे: मतदाराचं मन राखतोय, तुम्ही मनावर घेऊ नका. ऑर्विलच्या वेळी व्हर्ना रडत साहेबांकडे गेली, तेव्हा त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, पत्र मी स्वतः सही करून पाठवलंय. तिने तो शब्द सोन्याचा मानला आणि तसाच भावाला दिला.

प्रूइट एकेक पत्र पुढे सरकवत होता. ही साहेबांची, ही शेजारच्या टेबलावरच्या बर्निसच्या हातची, ही माझी, असं ती सांगत होती. साहेबांचा हात जड, शेवटच्या अक्षराला निब कागदात रुतायचं. तिचा हात हलका होता. सव्विसावं पत्र शाळा मंडळाला होतं. तिने आधी भावाचं नाव पाहिलं, मग सही पाहिली.

पत्र घेऊन ती खिडकीशी गेली. मागून बोट फिरवलं. कागद गुळगुळीत होता.

सही करायची पत्रं एकावर एक अशी मांडत, की सहीपुरती पट्टीच उघडी राही. वाचत बसलं तर संध्याकाळपर्यंत गठ्ठा संपत नसे. साहेबांनी ते पत्र दुसऱ्या मुलीला सांगून टाइप करवलं होतं आणि गठ्ठ्यात सारलं होतं. भावाच्या पोटावर पाय देणारी सही व्हर्नाने स्वतः केली होती, आणि बहुधा तेव्हा ती बर्निसशी गप्पा मारत होती.

"ही माझी," ती म्हणाली.

"मग माझ्या काय कामाची? ठेवा तुम्हालाच," प्रूइट म्हणाला.

खोटं बोलावं, असं शुश्रूषागृहाकडे जाताना रस्ताभर तिच्या मनात येत होतं. पण साहेबांनीच सही केली म्हटलं, तर ऑर्विल तो किडा घेऊनच मरणार. खरं सांगितलं, तर मरताना त्याला बहीणही उरणार नाही. तिला स्वतःची इतकी किळस आली की दारापाशी दोनदा थांबावं लागलं.

तिने सगळं सांगितलं. ऑर्विल छताकडे पाहत ऐकत होता.

"वाचून दाखव," तो म्हणाला.

ती वाचू लागली. असा प्रामाणिक शिक्षक या राज्याला भाग्याने मिळतो, असं त्यात होतं. त्याच्याविषयी इतकं चांगलं कुणी कधी लिहिलं नव्हतं. त्याने ते पुन्हा वाचायला लावलं.

"म्हणजे माझ्यात काही खोट नव्हती," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून वाहू लागले. "व्हर्ना, एकदा तरी वाचायचं होतंस गं."

ती त्याचा हात धरायला गेली. त्याने तो पांघरुणात घेतला.

"उद्या येऊ नकोस. मला जमणार नाही. परवा ये."

"बरं," ती म्हणाली.

बाहेर येऊन तिने भिंतीशी, त्याला दिसणार नाही अशी खुर्ची ओढली. नर्सने विचारलं, घरी नाही का जायचं? तिने नाही म्हणून मान हलवली आणि आतल्या श्वासाकडे कान लावून तिथेच बसून राहिली.