फाटकाबाहेरचा रोलर

मी एक जुना रोलर आहे, मित्रांनो. अंगावर लोखंड, पोटात काँक्रीट आणि पुढे लांब दांडा. मी तयार झालो तेव्हा कारखान्यातल्या मिस्त्रींनी माझ्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "याला काही होत नाही. हा आपल्या नातवंडांनाही पुरेल." खरंच, मी पुरून उरलो. मैदान मात्र पुरलं नाही.

नगरपालिकेने मला गावाच्या मैदानासाठी विकत घेतलं. सगळ्यांच्या घरपट्टीतून ते मैदान राखलं जाई आणि राखणारे होते मैदानकाका. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल, पोरांना ते ठाऊक नव्हतं. काकांचा नियमच होता: ज्याला खेळायचं त्याने आधी मला ओढत एक फेरी मारायची. डॉक्टरांचा मुलगा असो की इस्त्रीवाल्याचा, दांड्याला हात लावल्याशिवाय कुणाला बॅट मिळत नसे.

पण मी पडलो जड. माझा जीव सारखा टांगणीला. "बाळा, पाय मागे घे," "अरे, उतारावर दांडा सोडू नका," असं मी मनातल्या मनात किती वेळा ओरडलो असेन! छत्तीस वर्षांत एकाही मुलाच्या पायाचं बोट माझ्याखाली आलं नाही. लोक माझ्या वजनाचं कौतुक करत. मला अभिमान आहे तो या गोष्टीचा.

पुढे काकांची मुलगी शाळेत खेळाच्या बाई झाली आणि रोज संध्याकाळी बावीस मुलींना घेऊन येऊ लागली. काका त्यांच्यावरही ओरडत. "अगं, गवताला जरा श्वास घेऊ द्या! मैदान आहे की बाजार?" त्यांचं एकच स्वप्न होतं. मोठा संघ खेळेल अशी एक तरी खेळपट्टी आपल्या हातून व्हावी.

आणि एक दिवस मोठ्या संघाचे व्यवस्थापक आलेच. या मैदानावर स्टेडियम उभारायचं, खर्च नगरपालिकेने करायचा आणि सामने संघाने भरवायचे, असा ठराव होता. काकांना तिथे मुख्य माळ्याची नोकरी मिळणार होती. त्या संध्याकाळी बापलेक मला टेकून भांडले.

"बाबा, माझ्या मुलींनी जायचं कुठे?"

"होईल गं काहीतरी. गावाचं नाव होईल, दुकानं चालतील. आणि माझं काय? जन्मभर हे तुडवलेलं गवतच राखत बसू?"

"राखा की चांगलं गवत. पण आमच्याच पैशाने आम्हालाच बाहेर काढून?"

चार दिवस दोघांचा अबोला होता.

ठरावावर हात वर करून मत द्यायला गावाची सभा मैदानावरच भरली. किराणा दुकानदार म्हणाले, गिऱ्हाईक वाढेल. एक आजोबा काठी टेकत उठले. "मरायच्या आधी एक मोठा सामना डोळ्यांनी बघू द्या की!" टाळ्या पडल्या. आजोबांचं काही चुकलं असं मला वाटलं नाही. मग दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, "आमचं छप्पर गळतंय, तेव्हा म्हणता पैसे नाहीत!" त्यांनाही टाळ्या पडल्या.

शेवटी काकांच्या मुलीने व्यवस्थापकांना विचारलं, "वर्षातून सामने किती दिवस?"

"चौदा."

"आणि बाकीचे दिवस?"

"बंद. गवताला विश्रांती लागते, बाई. हवं तर तुमच्या वडिलांनाच विचारा."

सगळे काकांकडे वळले. काकांनी टोपी काढली. इतकी वर्षं ते स्वतः हेच तर ओरडत आले होते.

"गवताला विश्रांती लागते, खरं आहे," ते सावकाश म्हणाले. "पण साहेब, गवत मेलं तर मी पुन्हा उगवून आणतो. माझं कामच ते. या पोरींची खेळायची वर्षं गेली तर ती मी कुठून उगवून आणू? रोज संध्याकाळी दोन तास फाटक उघडं ठेवा. गवत मी सांभाळतो. नाहीतर माझा हात वर होणार नाही."

व्यवस्थापक नुसते हसले. हात मोजले गेले आणि अकरा हात जास्त पडून ठराव मंजूर झाला. काकांचा हात खालीच होता. ती नोकरी मग दुसऱ्याला मिळाली. घरी जाताना मुलीने त्यांची सायकल हातात धरली होती. दोघं बोलत चालले होते, एवढं मला दिसलं.

आज मी स्टेडियमच्या भिंतीबाहेर, गाड्या लावायच्या जागेत गंजत पडलो आहे. आत मोटारीचा रोलर आहे. त्या चौदा दिवसांत आतून जो जल्लोष ऐकू येतो, तो गोड असतो हो, खोटं कशाला बोलू? मग पुन्हा कुलूप. काकांनी शाळेमागे बोळाएवढं पटांगण तयार केलं आहे. मलाही तिकडे न्यायचं ठरलं होतं, पण शाळेचं फाटक मला अरुंद पडलं. शनिवारी बापलेक येतात आणि माझ्या सांध्यांना तेल घालतात.

मित्रांनो, सगळ्यांच्या पैशाने काही मोठं, सुंदर उभं राहत असेल तर जरूर आनंद माना. पण टाळी वाजवण्याआधी विचारा, हे उघडं किती दिवस राहणार आणि कुणासाठी? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. आणि जे मैदान आज उघडं आहे, ते आजच जपा.

परवा काका सांगत होते, शाळेमागचं गवत पोरींनी पार तुडवून टाकलंय. सांगताना ते हसत होते.