जूनमधलं हिंव

पंपाची धडधड अचानक थांबली आणि हेल्मीनं वळून पाहिलं.

वाफ्यांवर फिरणारे फवारे आधी लुळे पडले, मग ठिबकून गप्प झाले. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची दोन वर्षांची रोपं रोपवाटिकेत ओळीनं उभी होती, जेमतेम वीतभर उंचीची. प्रत्येकाच्या टोकाला नुकताच फुटलेला पोपटी कोंब, कानाच्या पाळीसारखा मऊ. हेच झाड हिवाळ्यात बर्फाखाली झोपलं की उणे चाळीसलाही दाद देत नाही. पण एकदा जागं होऊन कोंब फुटला की जूनमधल्या एका गार पहाटेनं काळं पडतं. आज आभाळ स्वच्छ होतं, वारा पडला होता, आणि तळ्याकाठच्या त्या खोलगट जमिनीत गारठा साचत चालला होता. रात्र म्हणायची एवढंच. इतक्या उत्तरेला, कुहमोच्या बाजूला, या दिवसांत अंधार कधी पडतच नाही.

"तौनो! पाणी थांबलं!"

"कान आहेत मला," पंपामागून नवऱ्याचा आवाज आला. "इंजिन ठीक आहे. तळ्यातल्या पाइपाच्या तोंडची जाळी तुंबलीय शेवाळानं. म्हणून बंद केलं."

फवाऱ्याचं पाणी रोपावर गोठतं, आणि गोठता गोठता कोंबाला जराशी ऊब देऊन जातं. पण पाणी मध्येच थांबलं तर ओलं रोप कोरड्याच्या आधी मरतं. म्हणून एकदा सुरू केलं की उन्हानं बर्फ उतरेपर्यंत थांबायचं नसतं. हे दोघांनाही सांगावं लागत नव्हतं.

तौनो खाली बसून बूट काढायला लागला.

"वेड लागलंय का तुला? तळं आत्ता कुठं बर्फातून मोकळं झालंय. गार पाण्याबद्दल डॉक्टरनं काय सांगितलंय?"

"डॉक्टर येणारेय का जाळी साफ करायला?"

"शेजारून उर्होला बोलावते."

"तो उठणार, कॉफी पिणार, विजार शोधणार. तोवर इथं काय उरायचंय?"

"नको ना जाऊस," हेल्मी म्हणाली. पण आवाज हवा तेवढा चढला नाही, कारण तिची नजर वाफ्यांवर होती. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचे गुडघे याच मातीत टेकलेले. तण उपटायचं, दाट झालेली विरळ करायची, दुपारच्या उन्हात सावली धरायची. तौनोनं तिची नजर पाहिली आणि हसला. "बघ, जीव तिकडंच आहे तुझा."

तो पाण्यात शिरला. कमरेपर्यंत, छातीपर्यंत. मग डोकं खाली गेलं आणि तळं पुन्हा सपाट झालं.

हेल्मी त्याचा कोट छातीशी धरून काठावर उभी राहिली. सारा जन्म तळ्याकाठी गेला, पण तिला पोहता येत नव्हतं.

तो वर आला, मूठभर शेवाळ फेकलं, पुन्हा खाली गेला.

"पुरे! बाहेर ये आता!"

तिसऱ्यांदा वर आल्यावर त्यानं हात उंचावून खूण केली. ती धावत गेली, पंपाचा दांडा फिरवला. इंजिन खोकललं आणि लागलं. वाफ्यांवर पुन्हा पाणी सुटलं. ती वळली तेव्हा तौनो काठाकडं येत होता, जरा तिरका, एक पाय ओढत. ओठ एका बाजूला ओढलेले.

"हसतोयस काय मेल्या?" ती ओरडली.

तो हसत नव्हता.

तिनं त्याला कसं ओढलं, कोटात कसं गुंडाळलं, शेजारच्या उर्होचं दार किती बडवलं, हे तिला नंतर नीट आठवेना. उर्हो विजारीवाचूनच बाहेर आला. त्याच्या ट्रकमध्ये तौनोचं डोकं मांडीवर घेऊन ती दवाखाना येईपर्यंत त्याच्या छातीकडं बघत होती. छाती हलली की तिचा श्वास सुटायचा. पुन्हा हलेपर्यंत अडकायचा.

दुसऱ्या दिवशी उर्होनं तिला कपडे न्यायला घरी आणलं. पंप अजून चालूच होता. बर्फ केव्हाच वितळला होता. कडेचा एक वाफा करपला होता. बाकी सगळे कोंब हिरवेगार, पाण्यानं चमकत होते.

"जगली की गं सगळी!" उर्हो म्हणाला.

"हो," हेल्मी म्हणाली. त्या हिरव्या रंगाचा तिला इतका संताप आला की ती तिकडं पाठ करून पंपाशी गेली आणि तो बंद केला.

काही आठवड्यांनी तौनो घरी आला. जीभ जड, उजवा हात लोंबता. हेल्मीची झोप मात्र गेली. रोज पहाटे ती कोपरावर उठून त्याच्या नाकाशी तळहात धरायची.

"मेलो नाहीये," एकदा तो डोळे मिटूनच बोबडं बोलला. "झोप."

ऑगस्टच्या शेवटी रोपं लावणीला निघाली. पेट्या ट्रकमध्ये चढवून झाल्यावर उर्हो पायरीवर बसलेल्या तौनोकडं आला आणि सवयीनं उजवा हात पुढं केला. मग त्याच्या लक्षात आलं. चेहरा लाल झाला, हात मागं घ्यायला निघाला.

"थांब," तौनो म्हणाला.

हेल्मी मदतीला पुढं झाली. त्यानं मान हलवून तिला थांबवलं. डाव्या हातानं मांडीवरचा उजवा हात उचलला, सावकाश, आणि उर्होच्या तळव्यात ठेवला.