रंगूबाईचा पहारा

सप्त्यात वीणा जमिनीला टेकत नाही. रात्रंदिवस ती कुणाच्या तरी गळ्यात असते. पहारा बदलताना पुढच्यानं यायचं, वीणेकऱ्याच्या पायांना हात लावायचा आणि वीणा आपल्या गळ्यात घ्यायची. मलकापूरजवळच्या आमच्या वाडीत हा नेम कधी मोडला नव्हता. आणि दुपारच्या पहाऱ्याला रंगूबाई पडली.

सप्त्याआधी तिला सडकून जुलाब झाले होते. बोलली असती तर पहारा गेला असता, म्हणून गप्प राहिली. पायाला मुंग्या येत होत्या. उभं राहून येतात, असं तिनं धरलं. गुडघे लटपटले, बाई डुलू लागली, तर बाकीच्या म्हणाल्या, "रंगूबाईचं भान हरपलं गं!" आणि टाळ आणखी जोरात वाजू लागले. कीर्तन ऐकणारी माणसं आम्ही. डोलणारं माणूस दिसलं की हात जोडतो, धरायला धावत नाही.

पडताना एवढं मात्र तिनं साधलं, की पाठीवर पडली. वीणा छातीशी कवटाळलेली.

"टेकली!" तिचा चुलत दीर लालासाहेब ओरडला. सप्त्याचा सगळा कारभार त्याच्याकडे. "वीणेचा भोपळा टेकलेला बघितला मी!"

दुसऱ्या दिवशी पाय उचलेनात, बोटांत पदराचं टोकही धरवेना. सून शिवांजलीनं गाडी केली आणि सासूला सांगलीच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर श्रद्धांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली. पाय हलला नाही. कमरेतून पाणी काढलं, नसांची तपासणी केली. मग खुर्ची ओढून जवळ बसल्या.

"आजी, जुलाबाच्या जंतूंशी लढायला तुमच्या रक्तात जे शिपाई तयार झाले, ते आता तुमच्याच नसांवर तुटून पडलेत. नसांवरचं वेष्टण सोलून काढतायत."

"म्हंजी अंधारात राखणदारानं घरधन्यालाच काठी हाणली?"

"अगदी तसंच."

"मग हाकला की त्यांस्नी!"

"तेच करायचंय. मानेत नळी घालून रक्त यंत्रात घ्यायचं. त्यातला पिवळा प्लाझ्मा काढून टाकायचा, ते शिपाई त्यातच असतात. तांबड्या पेशी नव्या द्रवाबरोबर परत तुमच्या अंगात सोडायच्या. एक दिवसाआड, चार-पाच वेळा. पण यानं हल्ला थांबतो, आजी. सोललेल्या नसा भरून यायला महिने लागतील."

त्याच दिवशी लालासाहेब अंगारा घेऊन दवाखान्यात आला.

"वैनी, देवाचा कोप यंत्रानं उतरत न्हाई. मंडपात नाक घासून माफी मागा."

"नाक घासायला आदी वाकता आलं पायजे, भावजी!" कमरेखाली बाई लाकूड झाली होती, जीभ मात्र शाबूत. "आन् देव काय बायकांचे पाय मोडायला टपून बसलाय व्हय? तसला देव तुमचा असंल, माझा न्हाई. वीणा टेकली म्हणून पाय गेले न्हाईत. पाय गेले म्हणून मी पडले. आन् वीणा तरीबी टेकली न्हाई."

"पुढच्या सप्त्याला वीणा मिळायची न्हाई तुमास्नी."

"घेणार. आन् माझ्या गळ्यातनं तुमीच उतरून घ्याल."

यंत्र सुरू झालं. पिशवीत पिवळं पाणी साठू लागलं.

"ह्येच व्हय ते राखणदार? गोमूत्रावानी दिसत्यात!"

मग ओठांना मुंग्या आल्या, हुडहुडी भरली. नर्सनं कॅल्शियम दिलं, शिवांजलीनं हात धरला. रंगूबाई 'रामकृष्णहरी' म्हणत पडून राहिली. दुखणं वर छातीपर्यंत चढायचं ते थांबलं. बऱ्याच दिवसांनी अंगठा हलला. घरी आल्यावर गोठ्यातली गव्हाण धरून ती उभं राहायला शिकली. पण पावलांना स्पर्श कळत नव्हता. चप्पल निसटली तरी खाली बघितल्यावरच समजायचं.

पुढच्या सप्त्यात पहाऱ्याला तिचं नाव नव्हतं, शिवांजलीचं होतं. दुपारी रंगूबाई वॉकर टेकत मंडपात आली. शिवांजली पुढे झाली. सासूला खांबाशी टेकवून उभं केलं आणि आपल्या गळ्यातली वीणा तिच्या गळ्यात घातली. नेमच आहे. ज्याच्या गळ्यात वीणा, तो वीणेकरी. कुणाला ती हिसकावता येत नाही.

कुणी खुर्ची आणली. "ऱ्हाऊ दे, वीणेकरी बसत न्हाई," ती म्हणाली.

पहारा सरला. पुढचा लालासाहेबाचा. तो दाराशीच थांबला. दुसरा एकजण वीणा घ्यायला पुढे आला, रंगूबाईनं मान हलवली.

"पहारा ज्याचा, त्यालाच वीणा देईन."

तिचे गुडघे थरथरू लागले. या वेळी कुणाला ते भान हरपलेलं वाटलं नाही. टाळ थांबले. शिवांजली हात पसरून बाजूला उभी राहिली.

"या की भावजी. पडले तर औंदा तुमच्यापायी पडंन."

सगळा मंडप लालासाहेबाकडे बघत होता. तो आला. ज्या पायांवर देवाचा कोप झाला म्हणाला होता, त्यांच्यापुढं वाकला आणि चटकन हात लावून उठू लागला.

"थांबा."

रंगूबाईनं डोळे मिटले होते.

"उजव्या पायाला लावलासा न्हवं? अंगठ्यापाशी?"

"व्हय वैनी."

"हात लय गार हाय तुमचा." डोळे उघडले तेव्हा ते भरले होते, पण मान ताठ होती. "आता डाव्यालाबी लावा. बघू, तितं कळतंय का."

तो पुन्हा वाकला.