जतच्या गाळातला अर्धा शिंपला

मित्रांनो, मला हातात घेतलंत तर तुमच्या अंगठ्याएवढाच भरेन मी. रंग उडालेला, कडेचा टवका गेलेला. मी एक जुना शिंपला आहे; खरं सांगायचं तर अर्धाच. माझी दुसरी बाजू, माझी जोड, आता या जगात नाही.

आमचा जन्म तळ्यात झाला. आज जत तालुक्यात जिथे मेंढरं खुरटं गवत शोधत फिरतात आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, तिथेच ते तळं होतं. वारा सुटला की त्याच्या काठाला लाटा लागायच्या. आम्हा दोघांच्या मधे एक मऊ जीव राहायचा. पाण्यातला चुना घेऊन त्यानेच आम्हाला थरावर थर चढवत घडवलं. आम्ही त्याच्या घराची दारं होतो. त्याला भूक लागली की आम्ही किलकिले व्हायचो, बगळ्याची सावली पडली की गच्च मिटायचो.

एके दिवशी तो जीव गेला. आम्ही मिटलेलेच राहिलो. वरून गाळ बसत गेला. पुढे पाऊस उणावला, तळं आटलं आणि आमच्यावर माती चढत राहिली. त्या अंधारात किती काळ गेला, मला कळलं नाही. पाण्याची ओढ मात्र कधी सुटली नाही. जोड अंगाला चिकटून होती, म्हणून ती सोसवली.

मग डोक्यावर धडधड सुरू झाली. फौजेतून निवृत्त होऊन आलेले लालासाहेब आपल्या रानात विहीर पाडत होते. पोकलेन चालवत होते वजीरभाई. पोकलेनचा दात मला घासून गेला, माझा टवका उडाला आणि आम्ही दोघं गाळासकट वर येऊन ढिगावर पडलो. हजारो वर्षांनी ऊन दिसलं. पाणी मात्र कुठेच दिसेना.

"लागलं का रं पाणी?" लालासाहेबांनी काठावरून विचारलं.

"न्हाई. नुसता राखी रंगाचा गाळ लागलाय," वजीरभाई म्हणाले.

"हितं पाणी कवाच नव्हतं. ह्या मातीच्या नशिबातच न्हाई ते," असं म्हणून लालासाहेब खाली बसले.

त्यांची पत्नी राहीबाई जेवण घेऊन आली होती. तिचं माहेर कृष्णाकाठी, भिलवडीच्या बाजूला. ढिगात मिटलेले आम्ही तिला दिसलो आणि ती तिथेच उभी राहिली. तिने आम्हाला पदराने पुसलं.

"आवं, हे बगा. आमच्या नदीत असलंच शिंपलं घावायचं. पोरी आमी ओटी भरभरून आणायचो." लग्नानंतर नदी तिला सणावारालाच दिसायची.

तिने आम्हाला घरी नेऊन खिडकीत ठेवलं. भांडी घासून झाली की ओल्या हातानेच ती आम्हाला उचलायची. तेवढा ओलावासुद्धा मला पुरेसा वाटायचा.

वजीरभाईंची मुलगी समीना पुण्यात जुन्या तळ्यांच्या गाळाचा अभ्यास करत होती. वडिलांनी फोनवर सांगितलं आणि ती धावत आली. लालासाहेबांनी तिच्यासाठी खोदकाम थांबवलं. तिने खड्ड्यात उतरून तो थर पाहिला. त्यात शिंपल्यांचे तुकडे होते आणि कोळशाचे काळे कण होते. घरी आल्यावर राहीबाईच्या खिडकीत आम्ही दिसलो, तेव्हा तिचा चेहरा उजळला.

"काकी, असा मिटलेला शिंपला मी कितीतरी दिवस शोधत होते. तुकडे कुठूनही वाहत येतात. पण हा जोडीने मिटलेला आहे, म्हणजे तिथेच जगला आणि तिथेच मेला. याच्यावरून त्या तळ्याचं वय काढता येईल."

"त्ये कसं गं?"

"हवेत आणि पाण्यात कार्बन असतो. त्यातला एक प्रकार आपोआप हळूहळू कमी होतो. जीव जिवंत आहे तोवर नवा कार्बन आत येत राहतो. जीव गेला की येणं थांबतं, आणि असलेला कमी होत जातो. किती उरलाय ते मोजलं, की कधी गेला ते कळतं."

"मग मोज की हितंच."

समीना थोडी घुटमळली. "प्रयोगशाळेत आम्लात विरघळवावा लागतो, काकी. तो परत येत नाही."

राहीबाईने मूठ मिटली. "न्हाई बाई. एवढ्या वर्साची जोडी, मी न्हाई मोडायची."

समीनाने हट्ट केला नाही. थरातला कोळसा डबीत भरून ती गाडीकडे निघाली. राहीबाई उंबऱ्यात उभी होती. अंगणात लालासाहेब शेजाऱ्याला सांगत होते, "कसलं तळं? कुठल्यातरी पुरानं आणून टाकलं आसल हितं."

हे ऐकून राहीबाई तडक गाडीपाशी गेली. "समीना, एक बाजू दिली तर भागंल का?"

"भागेल, काकी."

तिने आम्हाला अलगद उघडलं. समीनाने दोन्ही बाजू उजेडात धरून पाहिल्या. तपासणीला अखंड बाजू हवी होती आणि मी टवका उडालेला, म्हणून तिने माझी जोड निवडली. मित्रांनो, आम्ही तळ्याच्या काळापासून एकत्र होतो. कापसात गुंडाळलेली ती मला शेवटची दिसली आणि डबीचं झाकण लागलं.

पुढचे महिने मी खिडकीत एकटाच होतो. वारा आत यायचा आणि आता तो मला दोन्हीकडून लागायचा.

श्रावणात समीनाचा फोन आला. राहीबाईने मला हातात घेतलं आणि फोनचा आवाज मोठा केला.

"काकी, तळं तिथलंच होतं. साडेआठ हजार वर्षांच्या आसपासचं. शिंपल्याचं वय थोडं जास्त येतं, कारण चुनखडीतला जुना कार्बन पाण्यातून त्यात शिरतो. म्हणून कोळशाचंही वय काढलं आणि दोन्ही ताडून पाहिली. आणि ऐका, तो कोळसा वणव्यातला दिसत नाही. एकाच जातीच्या बारीक काटक्या एका जागी जळाल्यात. तिथं कुणीतरी चूल मांडली असावी."

"चूल?" राहीबाई खाली बसली. "म्हंजी हितं बी बाया पाण्याला येत हुत्या?"

"येत असतील, काकी."

त्या दुपारी ती मला मुठीत घेऊन विहिरीत उतरली. खाली पावसाचं गुडघाभर पाणी साठलं होतं. लालासाहेब दगडी बांधकाम सुरू करणार होते. राहीबाईने राखी थरावर तळवा टेकवला.

"आवं," तिने वर हाक मारली, "एवढी जागा दगडानं बुजवू नका. उघडी ऱ्हाऊ द्या."

"का गं?"

"कुणी आलं तर दावता येईल की."

लालासाहेबही खाली उतरले. त्यांनी थराला हात लावून पाहिला. ती जागा आजही उघडी आहे.

मित्रांनो, माझी जोड विरघळून गेली, तेव्हा कुठे तळ्याला त्याचं वय मिळालं. मला तिची आठवण येते, आणि पाण्याची तर रोजच येते. तुमची एकच मदत हवी आहे. तुमच्या गावात विहीर किंवा पाया खणला जाईल, तेव्हा निघालेला गाळ लगेच ट्रॉलीत भरून फेकू देऊ नका. जरा वाकून बघा. काही सापडलं तर कुठल्या थरात सापडलं तेही जपा, कारण जागा हरवली की आमची ओळखच हरवते.

लग्न होऊन आल्यापासून राहीबाई या गावाला 'ह्यांचं गाव' म्हणायची. परवा टँकर आला. घागर लावता लावता ती टँकरवाल्याला म्हणाली, "आमच्या गावात तळं हुतं बरं का. लय मोठं."